हार्मोन उपचार : भीती किती, तथ्य किती?

मार्च उजाडला की सोलापुरात अंगाची काहिली ठरलेलीच. त्यामुळे पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रीने ‘अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते’ असे सांगितले, तर घरचे ते उन्हाळ्यावर ढकलून मोकळे होतात. हीच तक्रार डिसेंबरच्या पहाटेही असेल, तर तिचे मूळ हवेत नसून शरीरात आहे. भारतीय स्त्रीची पाळी साधारणपणे ४६-४७व्या वर्षी थांबते. त्या सुमारास स्त्रीबीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन घटते. झोप मोडते, चिडचीड वाढते, हाडे विरळ होऊ लागतात. कमी पडलेले हे संप्रेरक औषधरूपाने देणे म्हणजे हार्मोन उपचार. त्याविषयीचे काही रूढ गैरसमज येथे तपासून पाहू.

‘हार्मोन घेतले की कर्करोग होतोच’

या भीतीचा उगम २००२ सालचा आहे. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेला एक मोठा अभ्यास त्या वर्षी मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही दोन्ही औषधे घेणाऱ्यांमध्ये वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण अधिक आढळले होते. धोका खरा आहे, पण तो दहा हजारांत आठ इतका आहे. शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटले होते. गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिले गेले, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही. पक्षाघाताचा धोका मात्र त्यांच्यातही वाढला होता. आज तज्ज्ञांचे मत असे, की वय ६०च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षे झाली नसतील, आणि त्रास तीव्र असेल, तर निरोगी स्त्रीला या उपचारांचा लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो.

‘पिशवी काढली, आता चिंता मिटली’

हा समज बीड जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन खोटा ठरवला. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकजणी चाळिशीही न गाठलेल्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मजुरी बुडते आणि दंड बसतो, हे त्यामागचे एक कारण होते.

गर्भाशयाबरोबर दोन्ही स्त्रीबीजकोशही काढले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येऊन ठेपते. ते ठेवले तरी ती काही वर्षे लवकर येऊ शकते. तिशी-पस्तिशीत इस्ट्रोजेन गमावलेल्या स्त्रीची हाडे व हृदय दोन्ही अकाली दुबळी होतात. म्हणून इतक्या लवकर रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रीला, दुसरी काही अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला दिला जातो. दुर्दैवाने शस्त्रक्रियेनंतर हे तिला क्वचितच कोणी सांगते.

‘शेजारणीला लागू पडले, मलाही चालेल’

गर्भाशय शाबूत असताना नुसते इस्ट्रोजेन घेतल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. अशा वेळी जोडीला प्रोजेस्टेरोन लागतेच. गर्भाशय काढलेल्या शेजारणीची चिठ्ठी म्हणूनच धोक्याची ठरते. स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी किंवा यकृताचा गंभीर आजार झालेल्या स्त्रीने हे औषध टाळावे. तिच्यासाठी हार्मोनविरहित पर्याय उपलब्ध आहेत. त्वचेवर लावायचे जेल किंवा पट्टी यांत गुठळीचा धोका गोळ्यांपेक्षा कमी असतो.

‘आता सत्तरीत काय करायचे?’

तारुण्य परत यावे म्हणून सत्तरीत हार्मोनच्या गोळ्या सुरू करू नयेत. परंतु योनीमार्गाचा कोरडेपणा, लघवीची जळजळ, वारंवार होणारा मूत्रसंसर्ग हे त्रास वयाबरोबर वाढतात आणि संकोचापोटी आजी ते मुलीलाही सांगत नाहीत. त्यावर स्थानिक वापराचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन मलम मिळते. ते रक्तात अत्यल्प उतरते आणि या वयातही देता येते. ज्यांना पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला आहे, त्यांनी आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे.

एक गोष्ट घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. पाळी जाऊन वर्ष झाल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ‘उष्णता झाली’ म्हणून धणे-जिऱ्याच्या पाण्यावर वेळ दवडू नये. तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो. त्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हावी.

डॉक्टरांकडे जाताना पाळी केव्हा थांबली, कोणती शस्त्रक्रिया झाली, बीजकोश ठेवले की काढले, घरात कोणाला कर्करोग होता, सध्या कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून न्यावे. शस्त्रक्रियेची जुनी कागदपत्रेही सोबत असावीत. उपचार सुरू झाल्यास रक्तदाब व स्तनांची तपासणी नियमित करावी आणि औषध पुढे चालू ठेवावे की थांबवावे, हे दरवर्षी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. चालणे, पुरेसे कॅल्शियम आणि तंबाखू-मशेरीचा त्याग यांना मात्र कोणत्याच वयात पर्याय नाही.