नवी कोरी रायफल मध्येच अडते ती का? दोष मॅगझिनचा, गोळीचा की चेंबरचा, कसं ओळखतात ते समजून घ्या

भुसावळहून मुक्ताईनगरकडे निघालं की वाटेत वरणगाव लागतं. इथल्या आयुध निर्माणीत लष्कराच्या रायफलींची काडतुसं बनतात, हे आपल्या भागात पोराटोरांनाही माहीत आहे. घरातलं कुणी फॅक्टरीत कामाला आणि कुणी सीमेवर, अशी घरंही इकडे कमी नाहीत. त्यामुळे रायफल 'जॅम' झाल्याची बातमी आली की पारावर चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं गोळीच खराब, कुणी म्हणतं बंदूकच भंगार. खरं कारण बहुतेक वेळा या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी असतं. ते शोधायची एक ठरलेली पद्धत आहे.

आधी रायफल चालते कशी ते पाहू

सेमी ऑटोमॅटिक रायफलमध्ये एकदा ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटते. पुढची गोळी मात्र रायफल स्वतःच भरून घेते. गोळी सुटल्यावर बॅरलमधला थोडा गॅस मागे वळवला जातो. तो पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन बोल्टला मागे नेतो. बोल्ट मागे जाताना रिकामं खोकं ओढून बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला परत पुढं ढकलते. पुढं येता येता तो मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलतो, चेंबरमध्ये बसवतो आणि फिरून लॉक होतो. हे सगळं साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात होतं.

आपल्या तिफणीसारखंच समजा. चाड्यातून बी सुटलं पाहिजे, नळ्यातून खाली गेलं पाहिजे आणि फणाच्या मागे तासात पडलं पाहिजे. तास रिकामं दिसलं म्हणून कुणी लगेच तिफण मोडीत काढत नाही. बी कुठं अडलं ते आधी बघतो.

नव्या रायफललाच त्रास का होतो?

नव्या वस्तूत दोष नसावा असं आपल्याला वाटतं. पण नव्या रायफलमध्ये स्प्रिंगा कडक असतात, घासणारे भाग अजून एकमेकांत रुळलेले नसतात, एखाद्या कडेला बारीक कंगोरा राहिलेला असतो. दुसरं म्हणजे प्रत्येक भागाला मापात थोडी सूट दिलेली असते. चेंबर सुटीच्या लहान टोकाला आणि काडतूस मोठ्या टोकाला असलं, तर दोन्ही तपासणीत पास होतात, पण एकत्र आले की भांडतात. चेंबरचं हे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बघावं लागतं. म्हणून कारखान्यातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक रायफलची गोळीबार चाचणी होते.

कुठं अडलं, तेच कारण सांगतं

अनुभवी आर्मरर रायफल अडली की लगेच झटका देऊन मोकळी करत नाही. बोल्ट कुठं थांबला आणि काडतूस कुठं आहे, हे आधी पाहतो.

१) बोल्ट पुढं आला, पण चेंबर रिकामाच. म्हणजे बोल्टने काडतूस उचललंच नाही. हाताने बोल्ट पूर्ण मागे ओढून सोडल्यावर काडतूस नीट भरलं जात असेल, तर मॅगझिन बहुधा ठीक आहे. गोळीबारात बोल्ट पुरता मागे जात नसावा, म्हणजे गॅस कमी पडतोय किंवा कुठंतरी घर्षण जास्त आहे. हातानेही काडतूस उचललं जात नसेल, तर मॅगझिन नीट बसलेलं नाही किंवा त्याची स्प्रिंग कमजोर आहे.

२) काडतुसाचं टोक चेंबरच्या खालच्या कडेला जाऊन रुतलं. इथं पहिला संशय मॅगझिनच्या ओठांवर. ओठ म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या दोन कडा. त्या थोड्या जरी वाकल्या तरी गोळीचं तोंड चुकतं. ओठ सरळ असतील तर चेंबरकडे जाणारा उतार खरखरीत आहे का, ते बघतात.

३) काडतूस जवळजवळ आत गेलं, पण बोल्ट लॉक झाला नाही. हा चेंबरचा किंवा काडतुसाच्या मापाचा प्रश्न. चेंबरमध्ये घाण, जास्तीचं तेल, आतून खरखर, फुगलेलं खोकं किंवा बोल्ट पुढं ढकलणारी स्प्रिंग मंद, यातलं काहीही असू शकतं. आर्मरर गेज घालून माप घेतो. खोक्यावर ओरखडा कुठं पडलाय तेही बघतो, कारण जिथं ओरखडा तिथं अडथळा. अशा वेळी बोल्टवर ठोकून काडतूस आत बसवणं धोक्याचं.

४) रिकामं खोकं आतच आणि मागून दुसरं काडतूस येऊन भिडलं. दिसायला हा भरण्याचा दोष, पण मूळ दोष खोकं बाहेर न निघण्याचा. खोकं ओढणारा आकडा किंवा चेंबरची आतली भिंत तपासावी लागते.

नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला

सगळ्या मॅगझिनवर नंबर टाकतात. दोष एकाच नंबरच्या मॅगझिनला येत असेल तर प्रश्न तिथंच संपला. सगळ्यांना येत असेल तर काडतुसांचा लॉट बदलून बघतात. तरीही अडत असेल, तर मग रायफल खोलतात. मॅगझिन, गोळी आणि स्प्रिंग एकदम बदलली आणि रायफल चालायला लागली, तर खरा दोष कशात होता हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या रायफलीत तोच दोष परत येतो. काडतुसांच्या पेटीवर लॉट नंबर असतो तो यासाठीच. एका पेटीत दोष निघाला तर त्याच लॉटच्या बाकी पेट्या शोधता येतात.

दोष चाचणीत सापडला नाही तर

अमेरिकेची एम-१६ रायफल व्हिएतनामच्या युद्धात बदनाम झाली. खोकी चेंबरमध्येच चिकटायची. सैनिक बॅरलमध्ये साफसफाईची सळई घालून ती बाहेर काढायचे, तीही समोरून गोळीबार चालू असताना. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने चौकशी केली. काडतुसातली दारू बदलली होती, त्यामुळे बोल्टचा वेग आणि काजळी दोन्ही वाढली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. साफसफाईचं साहित्यही पुरेसं दिलेलं नव्हतं. पुढे चेंबरला मुलामा दिला, साहित्य दिलं आणि तीच रायफल पुढे अनेक दशकं चालली.

आपली इन्सास पुण्यातल्या एआरडीई या संस्थेने विकसित केली. १९९९ च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे जाण्याच्या आणि रायफल अडण्याच्या तक्रारी आल्या. २००५ मध्ये नेपाळच्या लष्करानेही ती ऐन चकमकीत अडल्याची तक्रार केली, तर भारताने हाताळणीकडे बोट दाखवलं. वाद कुणीही जिंको, किंमत समोर उभ्या असलेल्या जवानाने मोजलेली असते.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी

उद्या पोलीस किंवा लष्करी प्रशिक्षणात रेंजवर रायफल हातात येईल. ती अडली तर घाबरू नका. नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट ट्रिगरवरून काढा आणि उस्तादांना सांगा. गोळी सुटली नाही म्हणून रायफल वळवून बघू नका. कधी कधी काडतूस क्षणभर उशिरा पेटतं. आणि लक्षात ठेवा, शस्त्र बनवायला आणि दुरुस्तीचा धंदा करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना लागतो. परवान्याची बंदूक बिघडली तर ती परवानाधारक कारागिराकडेच न्या, गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात नको.

वरणगावात गेजवर एखादं काडतूस नापास होऊन बाजूला पडतं, तेव्हा ते वाया गेलं असं समजू नका. ते तिथंच पकडलं गेलं, म्हणून आपल्याच एखाद्या पोराची रायफल पुढे अडणार नाही.