लॅपटॉपवर चालतं, मग जिनिंगवर का नाही?

दसरा-दिवाळीनंतर अकोल्याकडे कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की जिनिंगच्या ऑफिसात हिशेबाला उसंत नसते. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला जवळपास पाच क्विंटल कापूस लागतो. रुईचा भाव मात्र ३५६ किलोच्या खंडीवर ठरतो. वजनाची नोंद, शेतकऱ्याची पट्टी, दिवसाची रुई-सरकी आणि शेवटी एक्सेल फाइल, एवढा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिणं अमरावती-बडनेऱ्याच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला अवघड नाही. त्याच्या लॅपटॉपवर तो बिनचूक चालतो. मग पायइन्स्टॉलर वापरून त्याची एकच ईएक्सई फाइल केली जाते आणि पेनड्राइव्हवरून जिनिंगच्या संगणकावर जाते. तिथे डबल क्लिक केलं की काळी खिडकी क्षणभर दिसते आणि नाहीशी होते.

पॅकेज करताना प्रोग्रॅम बिघडला, असं सगळे म्हणतात. माझ्या मते तो आधीपासूनच अपुरा असतो. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर गरजेचं सगळं आधीच हजर असल्यामुळे ते अपुरेपण कधी दिसत नाही.

पायइन्स्टॉलर काय करतो, हे आधी पाहू. आपल्या कोडमधल्या आयातीच्या ओळी वाचून तो लागणाऱ्या लायब्ररी शोधतो, त्यांच्यासोबत पायथनचा इंटरप्रिटर घेतो आणि सगळं एकत्र बांधतो. एकच फाइल मागितली असेल, तर ती प्रत्येक वेळी सुरू होताना विंडोजच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये सगळं उलगडते, तिथून चालते आणि बंद होताना ते फोल्डर पुसून टाकते. हे कळलं की बरेच बिघाड आपोआप उलगडतात.

त्यातला सर्वांत घातक बिघाड काहीही न बोलता होतो. नोंदींची डेटाबेस फाइल ‘कोड जिथे आहे तिथेच’ ठेवायची, अशी सवय बहुतेकांना असते. लॅपटॉपवर ती जागा म्हणजे प्रोजेक्टचं फोल्डर. पॅकेज झाल्यावर तीच जागा म्हणजे ते तात्पुरतं फोल्डर. मुनीम दिवसभर पट्ट्या भरतात, बेरजा बरोबर येतात, संध्याकाळी प्रोग्रॅम बंद होतो आणि त्यासोबत दिवसभराच्या नोंदी जातात. एरर येत नाही, कारण प्रोग्रॅमच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं. ज्याने सकाळी गाडी खाली केली त्या शेतकऱ्याच्या कापसाच्या वजनाचा तो पुरावा होता, म्हणून मला ही चूक इतर सगळ्यांपेक्षा गंभीर वाटते. उपाय एकच: सोबत बांधलेल्या, फक्त वाचायच्या फाइल तात्पुरत्या फोल्डरमधून घ्याव्यात आणि लिहायच्या फाइल कायमच्या जागी, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. पट्टीवर छापायचा लोगो किंवा दरांची फाइल आपोआप आत जात नाही. ती बांधताना वेगळी सांगावी लागते.

दुसरा नेहमीचा बिघाड म्हणजे न सापडलेली लायब्ररी. पायथनची पांडाज ही लायब्ररी एक्सेल फाइल लिहिताना ओपनपायएक्सएल ही दुसरी लायब्ररी वापरू शकते, पण ती ऐनवेळी बोलावून. आपल्या कोडमध्ये तशी ओळ नसते, म्हणून पायइन्स्टॉलरकडून ती सुटू शकते. मग प्रोग्रॅम छान सुरू होतो आणि एक्सेलचं बटण दाबल्यावर पडतो. अशी नावं ‘छुपी आयात’ म्हणून स्वतः द्यावी लागतात. न सापडलेल्या मॉड्यूलची यादी बिल्ड फोल्डरमधल्या इशाऱ्यांच्या फाइलमध्ये असते. त्यातली बरीच नावं निरुपद्रवी असली, तरी ती फाइल उघडून पाहावी.

काही बिघाड तर निव्वळ संगणक बदलल्यामुळे होतात. जुन्या संगणकावर विंडोज ७ असेल तर पायथन ३.९ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर बांधलेला प्रोग्रॅम तिथे सुरूच होत नाही. विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका ३.८. ६४ बिटवर बांधलेली फाइल ३२ बिट विंडोजवर चालत नाही. उबुंटूवर बांधलेली फाइल विंडोजवर चालत नाही, विंडोजसाठी विंडोजवरच बांधावी लागते. वजनकाट्याच्या केबलचा पोर्ट कोडमध्ये ‘कॉम ३’ असा पक्का लिहिला असेल, तर दुसरीकडे तो ‘कॉम ५’ निघू शकतो. मराठी नावांचाही प्रश्न आहे. फाइल उघडताना यूटीएफ-८ स्पष्ट सांगितलं नाही, तर उबुंटूवर नीट उमटणारी शेतकऱ्यांची नावं विंडोजच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये अडकतात आणि प्रोग्रॅम थांबतो.

मग दोष शोधायचा कसा? आयकॉनवर डबल क्लिक करणं आधी थांबवा. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि तिथून फाइल चालवा, म्हणजे खिडकी बंद होत नाही आणि एरर वाचता येते. काळी खिडकी लपवण्याचा पर्याय सगळं जुळल्यावरच वापरावा. तोवर तो फक्त पुरावा लपवतो. पहिली बांधणी एका फाइलची न करता फोल्डरची करावी, म्हणजे आत काय आलं आणि काय राहिलं ते डोळ्यांनी दिसतं. अँटिव्हायरसने फाइल उडवली, तरी लगेच अँटिव्हायरस बंद करू नका. पायइन्स्टॉलरचा सुरुवातीचा भाग घातक प्रोग्रॅम बनवणारेही वापरतात, म्हणून असा खोटा इशारा येतो. फोल्डरची बांधणी आणि डिजिटल सही यांनी तो बराच कमी होतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या संगणकावर पायथन कधीच टाकलेलं नाही, अशा संगणकावर प्रोग्रॅम चालवून पाहा.

ही शेवटची पायरी आपल्या कॉलेजांत सुटते. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे, शेगावचं गजानन महाराज महाविद्यालय १९८३ पासून. आपल्या भागात शिकवणारे आणि शिकणारे कमी नाहीत. पण अंतिम वर्षाचा प्रकल्प बहुधा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरच दाखवला जातो आणि गुणही त्यावरच मिळतात. प्राध्यापकांना विनंती आहे: यंदा तो लॅपटॉप बाजूला ठेवायला सांगा, प्रयोगशाळेतल्या पायथन नसलेल्या संगणकावर प्रोग्रॅम चालवायला लावा, दहा नोंदी भरा, बंद करून पुन्हा उघडा, आणि नोंदी जागेवर असतील तरच गुण द्या.