सागवानी जहाजाची प्रतिकृती सागवानात का करू नये?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं बंदर आहे. तिथल्या जुन्या गोदीत ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ ही तीन डोलकाठ्यांची युद्धनौका आजही पाण्यावर तरंगते आहे. तिचं लाकूड मलबारचा साग आणि बांधणी मुंबईची. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत ती तयार झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडला ओक कमी पडू लागला होता, म्हणून ब्रिटिश नौदलाने मुंबईच्या सागाकडे आणि वाडियांच्या हाताकडे मोर्चा वळवला. तिचे आराखडे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज १८१२ साली अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत नष्ट झालं, तेव्हा दुसरी प्रत पाठवावी लागली. एवढं सगळं सोसून बांधलेलं जहाज दोनशे वर्षांनंतरही टिकून आहे, याचं बरंचसं श्रेय सागाला आहे.

अशा जहाजाची लाकडी प्रतिकृती करायची म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या मनात आधी सागच येतो. जुन्या वाड्याची तुळई उतरवताना मिळालेला पिकलेला तुकडा घरात असेल, तर मोह आवरणं कठीण. माझं मत असं, की हा मोह आवरावा. जहाज अठ्ठेचाळीस पटींनी लहान करता येतं, लाकूड लहान करता येत नाही.

१:४८ हे प्रतिकृतीकारांचं जुनं, लाडकं प्रमाण. खऱ्या जहाजावरचा एक फूट इथे पाव इंच होतो. या हिशेबाने ट्रिंकोमालीचा तोफांचा मजला सुमारे पंचाण्णव सेंटिमीटर लांब आणि जहाज पंचवीस सेंटिमीटर रुंद होईल. आता सागाच्या तुकड्याचं टोक नव्या ब्लेडने स्वच्छ छिलावं, किंचित ओलं करावं आणि दहापट दाखवणाऱ्या भिंगाखाली धरावं. वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग दिसते, मग ती छिद्रं बारीक आणि विरळ होत जातात आणि पुढच्या वलयाला पुन्हा मोठी रांग लागते. झाड मुळांतून पाणी वर चढवतं त्या नळ्यांची ही कापलेली तोंडं. सागात मोठ्या नळ्यांचा व्यास पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. उभ्या फळीवर त्याच नळ्या लांबट चिरा होऊन दिसतात. पाव मिलिमीटर गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे बारा मिलिमीटर. प्रतिकृतीच्या जगात ती बोट शिरेल एवढ्या रुंदीची खाच झाली! अशा खाचांनी भरलेल्या फळ्यांचं जहाज कुणी समुद्रात लोटलं नसतं. बघणाऱ्याला हे गणित ठाऊक नसतं, पण त्याच्या डोळ्याला काहीतरी खटकतं आणि समोरची वस्तू जहाज न वाटता लाकडी खेळणं वाटू लागते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच संचांमध्ये अक्रोडाच्या पट्ट्या असतात. अक्रोडाची छिद्रंही नुसत्या डोळ्यांना दिसतात, म्हणून तोच दोष तिथेही येतो. शिसवीचंही तसंच.

मग लाकूड कोणतं? ज्याच्या नळ्या अतिशय बारीक असतात आणि वलयभर सारख्या पसरलेल्या असतात, ते. या कसोटीवर बॉक्सवुडला तोड नाही. हे झाड इतकं सावकाश वाढतं की त्याच्या नळ्या मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांहून मोठ्या नसतात. प्रमाणात त्या एखाद-दीड मिलिमीटरच्या होतात, म्हणजे दिसतच नाहीत. याच गुणामुळे छापखान्यातली चित्रं कोरायला एकेकाळी या लाकडाचे ठोकळे वापरत. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये युद्धनौकांच्या बारीक, देखण्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. ग्रीनिचच्या संग्रहालयात आणि अमेरिकेत अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीच्या संग्रहालयात त्यांचे मोठे संग्रह आहेत. त्यांतल्या कितीतरी प्रतिकृतींना पाण्याखालच्या भागात फळ्या ठोकलेल्याच नाहीत, बरगड्या उघड्या ठेवल्या आहेत. ओकच्या जहाजांच्या या प्रतिकृती घडवायला कारागिरांनी बॉक्सवुड आणि नासपती यांसारखी बारीक पोताची लाकडं हाताशी धरली. नासपतीचा रंग गुलाबीसर तपकिरी, पोत लोण्यासारखा, आणि धारदार पटाशीखाली त्याचा कपचा उडत नाही. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडच्या कैदेत पडलेल्या फ्रेंच खलाशांनी तर शिध्यातल्या मांसाची हाडं जमवून जहाजं कोरली. ती आज पाहिली तरी प्रमाणशीर वाटतात, कारण घट्ट हाडाला लाकडासारख्या रेघा नसतात.

आपल्याकडे हे सगळं बाहेरून मागवायची गरज नाही. जम्मूतल्या राजौरी भागात चिक्री नावाच्या मधाळ रंगाच्या लाकडाचे कंगवे आणि चमचे करतात. चिक्री म्हणजे हिमालयातलं बॉक्सवुडच. कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी ज्या लाकडातून कातली जातात, तो आपल्या रानातला काळा कुडा. नाव काळा असलं तरी लाकूड हस्तिदंतासारखं पांढरं आणि मऊ पोताचं असतं. डेकच्या फळ्यांसाठी मला तो फार आवडतो. खारं पाणी आणि ऊन खाऊन फिकटलेल्या डेकचा रंग त्यात आपोआप येतो. हेदूचं लाकूड पिवळसर, एकसारखं आणि कातायला सोपं. त्याची छिद्रं कुड्यापेक्षा थोडी मोठी, पण बरगड्या आणि आतल्या तुळयांना ते उत्तम. आंबा मात्र नको. त्याचा पोत भरड असतो.

लाकडाची जात ठरली की ते कापायचं कसं, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न. लाकूड हवेतली ओल शोषतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर फुगतं आणि आकसतं. झाडाच्या उंचीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो. वलयाच्या कडेकडेने मात्र तो सर्वांत जास्त, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने साधारण त्याच्या निम्मा. मे महिन्यात नागपुरात सुकलेल्या लाकडात वजनाच्या सात-आठ टक्के पाणी उरतं, आणि जुलैत रत्नागिरीत ते अठरा टक्क्यांपर्यंत चढू शकतं. ओलीतल्या दर टक्क्याला वलयाच्या दिशेने लाकूड ढोबळमानाने पाव टक्का फुगतं. म्हणजे एकाच ठोकळ्यातून कोरलेलं पंचवीस सेंटिमीटर रुंदीचं जहाज उन्हाळा-पावसाळ्यात सहा मिलिमीटरने श्वास घेणार. खऱ्या मापात तो जवळजवळ एक फूट होतो. वरच्या रंगाला आणि सांध्यांना हे सोसत नाही, आणि ठोकळा कुठेतरी तडकतो. म्हणून सांगाड्यावर अरुंद पट्ट्या बसवाव्यात आणि त्या पट्ट्या अशा कापून घ्याव्यात की वलयांच्या रेघा रुंद बाजूवर उभ्या, समांतर दिसतील. वखारीत ‘रेघ सरळ पाहिजे, फूल नको’ म्हटलं की जाणता माणूस बरोबर फळी काढून देतो. टेबलासाठी आपण ज्या नागमोडी रेघांच्या ‘फुलां’चे जास्त पैसे मोजतो, तीच इथे शत्रू.

रंगाच्या बाबतीत दोन पंथ आहेत. एक पंथ जहाज जसं होतं तसं रंगवतो: ट्रिंकोमालीच्या काळ्या अंगावर पांढरा पट्टा आणि त्या पट्ट्यावर तोफांची काळी झाकणं. दुसरा पंथ रंग टाळून लाकडांच्या नैसर्गिक छटांतून जहाज उभं करतो. मी दुसऱ्या पंथातला. पण या पंथाला प्रकाशाचं रसायन समजून घ्यावं लागतं. लाकडाचा भडक रंग त्यातल्या अर्कद्रव्यांचा असतो, आणि उजेडातले अतिनील किरण ती द्रव्यं मोडतात. अंदमानचा पडौक ताजा कापल्यावर कुंकवासारखा लाल दिसतो. कठड्याच्या आतल्या लाल अस्तराला तो अगदी नेमका वाटतो, पण काही वर्षांत तपकिरी पडतो. म्हणून निवडलेल्या लाकडाची पट्टी अर्धी काळ्या कागदात गुंडाळून खिडकीत ठेवावी आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा. झाकलेल्या आणि उघड्या भागातला फरक पाहून मग निर्णय घ्यावा.

काळ्यासाठी आबनूस आठवतो. तो मिळणं कठीण, ठिसूळही, आणि त्याच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला त्रास होतो. युरोपातले कारागीर नासपतीलाच काळा करून आबनूस म्हणून वापरत. ही युक्ती आपल्या वैद्याच्या दुकानातल्या वस्तूंनी साधते. हिरड्याच्या काढ्यात भरपूर टॅनिन असतं. तो लाकडाला पाजून वाळू द्यावा, मग हिराकशीचं पातळ पाणी फिरवावं. हिराकशीतलं लोह आणि टॅनिन यांची गाठ लाकडाच्या आत पडते आणि काळा रंग रंध्रांत जन्मतो. वर थर साचत नाही, त्यामुळे पटाशीने काढलेली धार जशीच्या तशी राहते. द्रावण पातळच हवं. जुन्या शाईने कागद खाल्लेले आपण दप्तरांत पाहतो, ते याच रसायनाचं जास्त झालेलं रूप.

आता चकाकी. फर्निचरला देतात तसं पॉलियुरेथेन तीन हात दिलं की दहा शतांश मिलिमीटरचा थर सहज बसतो. प्रमाणात तो पाच मिलिमीटर जाडीचा पारदर्शक लेप होतो, आणि कोरलेल्या कडा त्याखाली बुडतात. वर त्याच्यात खोलीतला दिवा आणि खिडकी स्वच्छ दिसते. त्या खिडकीच्या आकारावरून डोळ्याला वस्तूचं खरं माप लगेच कळतं. म्हणून थर पातळ हवा आणि तेज मंद. जवसाचं तेल, रंगाच्या दुकानातलं बेलतेल, लाकडाला गडद आणि खोल का करतं, याचं कारण सुंदर आहे. कोरड्या लाकडाच्या पेशींत हवा असते. पेशीची भिंत आणि हवा यांच्यात प्रकाश वाकण्याचं प्रमाण फार वेगळं असल्याने उजेड प्रत्येक भिंतीवर विखुरतो आणि लाकूड फिकट, भुरकट दिसतं. तेलाचा अपवर्तनांक १.४८ च्या आसपास, पेशीभिंतीचा १.५३ च्या जवळपास. तेल शिरलं की विखुरणं कमी होतं, उजेड आत खोल जातो आणि रंग घेऊन परत येतो. तेल पुसलेली चिंधी मात्र बोळा करून टाकू नये. जवस हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, त्यात उष्णता निघते, आणि कोंडलेल्या चिंधीने आपोआप पेट घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. चिंधी पसरून उघड्यावर वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

माझी पसंती लाखेला. मेण काढलेला चपडा स्पिरिटमध्ये पातळ विरघळवून कापसाच्या बोळ्याने दोन हात द्यावेत आणि वरून बारीक स्टील वूल फिरवून तेज उतरवावं. लाख हा एका किड्याचा स्राव, आणि झारखंड त्याच्या उत्पादनात देशात आघाडीवर. लाख चुकली तर स्पिरिटने पुन्हा विरघळवता येते, आणि दुरुस्तीच्या कामात ही सोय मोलाची ठरते. पावसाळ्यात मात्र पॉलिशवाले हात आखडता घेतात ते उगीच नाही. स्पिरिट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि लाखेला पांढरी झाक येते.

सजावटीच्या तपशिलात जो चुकतो तो बहुधा मापात चुकतो. त्या काळच्या जहाजांचा तळ तांब्याच्या पत्र्यांनी मढवत. एक पत्रा चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद, म्हणजे आपल्या मापात पंचवीस बाय साडेसात मिलिमीटर. संचातल्या पत्र्यांवर खिळ्यांचे टपोरे उठाव असतात. एक मिलिमीटरचा उठाव खऱ्या जहाजावर पावणेपाच सेंटिमीटरचा झाला असता! खरे खिळे तर पत्र्याशी जवळजवळ सपाट बसवलेले असत. साधा पत्रा लावून खिळे गाळले, तर जहाज अधिक खरं दिसतं. ओकच्या जहाजांतल्या लाकडी खुंट्या साधारण सव्वा इंच जाडीच्या, म्हणजे इथे पाऊण मिलिमीटरहून बारीक. त्या बांबूच्या करतात. बांबूचे धागे सरळ आणि चिवट असतात, त्यामुळे त्याची काडी भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढत ओढत केसासारखी करता येते. डेकच्या फळ्यांमधल्या डांबराच्या रेघेला काळ्या पातळ कागदाची कड पुरते. ट्रिंकोमालीच्या नाळीवर फेटा बांधलेल्या पुरुषाचा अर्धपुतळा आहे. फेट्याचे पीळ आणि चेहरा काढायला बॉक्सवुड किंवा चिक्रीच हवं, कारण एवढ्या मापात दुसऱ्या लाकडाचं नाक रेषेबरोबर तुटून येतं.

राहिल्या तोफा. तोफांच्या मुख्य मजल्यावर अठरा-पौंडी तोफा अठ्ठावीस, प्रत्येकीची नळी पाच-साडेपाच सेंटिमीटर. जुन्या प्रतिकृतींत तोफा आणि नांगर अनेकदा शिशात ओतलेले असत, आणि तिथेच घात होई. ओक, ताजं प्लायवुड, नवा तेलरंग यांतून अ‍ॅसिटिक आम्लाची वाफ निघत राहते. बंद काचपेटीत ती साठते, शिशावर चढते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडबरोबर शिशाची पांढरी भुकटी होते, आणि आम्ल मोकळं होऊन पुढच्या शिशाला लागतं. सफेदा बनवायची जुनी रीत हीच: शिसं आणि व्हिनेगर एका मडक्यात. काही वर्षांनी मालक पेटी उघडतो तेव्हा तोफेच्या जागी पिठाची ढेकळं असतात, आणि ती भुकटी विषारी असते. पेटीचा तळ ओकचा किंवा प्लायवुडचा करू नये, काचेच्या खालच्या कडेला हवेसाठी फट ठेवावी, प्रतिकृतीचा तेलरंग पुरता वाळल्याखेरीज पेटी लावू नये. तोफा तर पितळेच्या सळईतून लेथवर कातून घ्याव्यात. एक नमुना नीट बसवून दिला की कुठलाही चांगला टर्नर उरलेल्या सत्तावीस त्याच मापात काढून देतो.