दुसऱ्याचे शब्द व त्यांचे श्रेय

शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज एक सुविचार लिहिण्याची प्रथा पुष्कळ प्राथमिक शाळांत आहे. वाक्य चांगले असते. परंतु त्याखाली ज्या थोर पुरुषाचे नाव लिहिले जाते, त्याचेच ते वाक्य आहे काय, याचा शोध सहसा घेतला जात नाही. मुले मात्र ते खरे मानून वहीत उतरवून घेतात, आणि एका फळ्यावरील चूक अनेक वह्यांत कायम होते.

दुसऱ्याचे शब्द घेण्यात कमीपणा नाही. सर्व विद्या पूर्वसूरींच्या आधारानेच वाढली आहे. मात्र शब्द घेणाऱ्यावर दोन बंधने असतात : ते कोणाचे हे सांगणे, आणि ते जसेच्या तसे देणे. पहिले मोडल्यास ती चोरी होते. दुसरे मोडल्यास, जे कोणी बोललेच नाही ते त्याच्या तोंडी घातल्याचा दोष लागतो.

ही जाणीव आपल्याकडे जुनीच आहे. संतकवी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घालीत. तरीही 'तुका म्हणे' असे जोडून इतरांनी केलेल्या रचना तुकारामांच्या नावावर चालल्या, व त्या निवडून काढण्यासाठी अभ्यासकांस श्रम करावे लागले. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतही नकला होता होता पाठ बिघडले होते. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी ते शुद्ध केले, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेही आपली कृती आपलीच आहे असे सांगण्याचा लेखकाचा हक्क मान्य केला आहे.

विद्यार्थ्यांस पुढील नियम उदाहरणांसह समजावून द्यावेत :

१. शब्द जसेच्या तसे घेतल्यास ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावेत. उदा. आजी म्हणाली, "मी उद्या शेतावर जाईन."

२. केवळ आशय घेतल्यास अवतरणचिन्हे नकोत; नाव मात्र हवेच. उदा. आपण उद्या शेतावर जाणार असल्याचे आजीने सांगितले.

३. मधले शब्द गाळल्यास तेथे तीन टिंबे द्यावीत. स्पष्टीकरणासाठी आपला शब्द घातल्यास तो चौकटी कंसात लिहावा. गाळल्यामुळे मूळ अर्थ पालटता कामा नये.

४. पुस्तकातील उताऱ्याखाली लेखक, पुस्तक व पृष्ठ यांची नोंद करावी.

५. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, यासारख्या सर्वमान्य माहितीस आधार देण्याची गरज नाही.

६. वचन कोणाचे हे कळत नसल्यास 'अज्ञात' असे लिहावे. चुकीच्या नावापेक्षा हे केव्हाही चांगले.

निबंध मार्गदर्शिकेतून उतरवून आणणाऱ्या मुलास शिक्षा करण्यापूर्वी हे नियम त्यास कधी शिकविले होते काय, याचा शिक्षकांनी विचार करावा. शिक्षक स्वतः वर्गात "हे मी अमुक पुस्तकात वाचले" असे सहज सांगू लागले, तर मुलेही तसेच सांगू लागतात.

हे श्रेय केवळ ग्रंथकारांसच द्यावयाचे असे नाही. हेमा राईरकर व गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरील ओव्यांचा मोठा संग्रह केला. त्यात गाणाऱ्या बायांची नावे व त्यांची गावे नोंदली गेली. म्हणून ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा कित्येकींची नावे आज टिकून आहेत.

असे काम प्रत्येक शाळेस करता येईल. मुलांनी घरातील वा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाकडून एक ओवी, म्हण किंवा आठवण ऐकून लिहून आणावी, आणि खाली सांगणाऱ्याचे नाव, गाव व तारीख घालावी. शाळेच्या हस्तलिखितात ती नावासह घ्यावी, व ते पान सांगणाऱ्या व्यक्तीस वाचून दाखवावे. आपले शब्द आपल्या नावाने वाचले जात आहेत हे ऐकताना आजीच्या मुद्रेवर जो आनंद दिसेल, त्यावरून श्रेय म्हणजे काय हे मुलास वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.