चार पकडींची परीक्षा

गेल्या हिवाळ्यात कबड्डीच्या एका निवडचाचणीत झरीचा एक मुलगा नापास झाला. ही बातमी नव्हे. अशा चाचण्यांतून दरवर्षी शेकडो मुले गळतात, पिशवी खांद्याला अडकवून गावची गाडी धरतात आणि दुसऱ्या दिवशी शेतावर नाही तर कॉलेजात दिसू लागतात. परंतु हा मुलगा माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसतो आणि त्याचा खेळ मी गेली दोन वर्षे पाहत आलो आहे. त्याला ज्या रीतीने बाद ठरविण्यात आले ती रीत आमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिली असती, तर मी तिला गुण दिले नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

परभणीहून जिंतूर रस्त्याने निघाले की झरी लागते. भोवताली काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर. काळ्या मातीत पावसाळ्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, तेव्हा मुले मुरूम आणून पसरतात, पाणी मारतात, चुन्याने रेघा ओढतात आणि दिवस कलला की खेळतात. आमचा विद्यार्थी खेळतो तो डाव्या कोपऱ्यात. कोपरारक्षकाचे काम वरवर सोपे दिसते: चढाई करणाऱ्याचा घोटा वा मांडी नेमक्या क्षणी धरायची. खरे कठीण आहे ते तो क्षण येईपर्यंत हात आवरणे. तीस सेकंदांच्या चढाईत धरण्यासारखा क्षण एखादाच येतो. पुष्कळदा येतच नाही.

या मुलाचे मूल्यमापन मी करायचे ठरविले तर प्रथम त्याच्या पायांची चाल नोंदवीन. चढाईपटू आत शिरला की तो अर्धे पाऊल मागे सरतो, अंतर राखतो आणि नजर समोरच्याच्या हातावर न ठेवता कमरेवर ठेवतो. हुलकावणी हाताने देता येते, कमरेने देणे अवघड. हे त्याला कोणी शिकविले नाही. गावच्या खुल्या सामन्यांत त्याच्यापुढे तिशीतले, पाच-दहा वर्षे मुरलेले गडी असतात आणि तेही काही चढायांनंतर त्याची बाजू सोडून उजव्या अंगाने जाऊ लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. दोषही आहेत, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. त्याचे वजन कमी आहे. धिप्पाड गड्याचा घोटा हाती आला तरी तो गडी त्याला फरफटत मध्यरेषेकडे नेतो, आणि साखळीतला जोडीदार वेळेवर धावला नाही तर धरलेला गुण हातचा जातो. शिवाय संघ मागे पडला की तो उतावीळ होतो. तो मोठा खेळाडू होईल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाविषयी असे कोणीच सांगू नये.

चाचणीच्या दिवशी झाले ते असे. सामना मॅटवर होता. त्यापूर्वी या मुलाचा पाय मॅटला फारसा लागलेला नव्हता आणि पायात बूट मित्राचे होते. पहिल्या सत्रात समोरचे चढाईपटू एक-दोनदा त्याच्या बाजूस आले, त्यांनी अंदाज घेतला आणि मग येणेच टाळले. निवड हातची जाते आहे या धास्तीने दुसऱ्या सत्रात तो नको त्या वेळी झेपावला. एकूण चार पकडींचे प्रयत्न, त्यांत एक यशस्वी. दुसऱ्या एका मुलाने दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही पकडी साधल्या. त्यांपैकी एकीत चढाईपटूच घसरला होता. त्या मुलाची निवड झाली. त्याच्याशी माझे वैर नाही. कदाचित तोच अधिक गुणी ठरेल. माझा मुद्दा इतकाच, की त्या दिवशी मैदानावर जे मोजले गेले त्यावरून दोघांपैकी कोण अधिक गुणी हे कळण्याचा मार्गच नव्हता.

गुणपत्रकाला न दिसणारे

परतल्यावर त्याने मला एकच प्रश्न विचारला. “सर, तो माझ्याकडं येतच नव्हता, तर धरू कोणाला?” या प्रश्नात एक जुनी अडचण दडलेली आहे. पकड साधली तर बचाव करणाऱ्या संघाला गुण, फसली तर चढाई करणाऱ्याला गुण; पण एखाद्या कोपऱ्याची धास्ती घेऊन चढाईपटू निदान रेषा ओलांडून रिकाम्या हाताने परतला, तर त्या कोपऱ्याच्या नावावर काय लागते? काहीच नाही. जो धाव घेतो त्याच्या चुका मोजल्या जातात. जो जागचा हलत नाही त्याचे पान कोरे राहते, आणि कोरे पान निर्दोष दिसते.

या अडचणीचा सर्वांत चांगला अभ्यास झाला आहे तो आपल्याकडे कोणी न पाहणाऱ्या एका खेळात. अमेरिकेतील बेसबॉल मीही कधी धडपणे पाहिलेला नाही. त्याच्याशी माझी ओळख पुस्तकांतून, आणि तीही वर्गात उदाहरणे हवी असतात म्हणून झाली. त्या खेळात दुसऱ्या व तिसऱ्या तळाच्या मधल्या जागेत शॉर्टस्टॉप नावाचा जवळचा क्षेत्ररक्षक उभा असतो. जमिनीलगत आलेला चेंडू अडवून पहिल्या तळाकडे फेकणे हे त्याचे काम. चेंडू हातून निसटला की नोंदकर्ता त्याच्या नावावर चूक मांडतो. पण ज्या चेंडूपर्यंत तो पोचूच शकला नाही, त्याची चूक धरली जात नाही. परिणामी चपळ गडी लांबवर धावतो, अवघड चेंडूंना हात घालतो आणि चुकांचा धनी होतो. सुस्त गडी तेच चेंडू जाऊ देतो आणि नेटका म्हणून मिरवतो. कॅन्सस राज्यात एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीला पहारा करणाऱ्या बिल जेम्स या गृहस्थांनी ही विसंगती हेरली. चुका मोजण्यापेक्षा क्षेत्ररक्षक दर सामन्यात किती चेंडूंवर फलंदाज बाद करण्यास कारण होतो ते मोजा, असे त्यांचे सांगणे होते. १९७७ साली त्यांनी आपली आकडेमोड स्वखर्चाने छापली. जाणकारांना ती पचायला पुढे दोन दशके लागली, हा भाग निराळा.

चार आणि शंभर

दुसरा प्रश्न संख्येचा. मोठ्या स्पर्धांतील उत्तम कोपरारक्षकाच्याही सगळ्या पकडी यशस्वी होत नाहीत. निम्म्याहून थोड्या अधिक साधल्या तरी तो नावाजला जातो. आता समजा, एका मुलाचे खरे कसब असे आहे की त्याच्या दोनपैकी एक पकड साधते. त्याला चारच प्रयत्न दिले तर त्यांतील तीन किंवा चारही फसण्याची शक्यता सोळांत पाच, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. उलट ज्याची चारांतून एकच पकड साधते अशा कच्च्या मुलाला चार प्रयत्नांत दोन वा अधिक यश मिळण्याची शक्यताही चाराला एक इतकी आहे. म्हणजे आपली चाचणी तीन चांगल्यांतला एक घालवते आणि चार कच्च्यांतला एक उचलते. प्रयत्न चाराऐवजी शंभर झाले तर नशिबाची ढवळाढवळ एक पंचमांशावर येते. हे गणित अकरावीच्या मुलालाही समजते. मैदानावर आपण ते विसरतो, कारण डोळ्यांनी पाहिलेली एक झेप शंभर आकड्यांपेक्षा ठसठशीत असते.

बेसबॉलवाल्यांनी यावर शोधलेला उपाय खर्चिक आहे. तेथील वरिष्ठ पातळीवरील ३० संघांपैकी प्रत्येकाला २०२१ पासून चार दुय्यम संघ जोडलेले आहेत, असे एकूण १२०. होतकरू मुलगा तेथे पायरीपायरीने चढतो. एकेका हंगामात सव्वाशे-दीडशे सामने होतात. निरीक्षक त्याला २० ते ८० या मापात गुण देतो, आणि प्रत्येक अंगासाठी दोन आकडे लिहितो: आज तो काय आहे आणि पुढे काय होऊ शकेल. प्रतिस्पर्धी वयाने किती मोठे होते हेही पाहिले जाते. एकोणीस वर्षांच्या मुलाने चोवीस वर्षांच्यांपुढे केलेली मध्यम कामगिरी समवयस्कांतील पराक्रमापेक्षा मोलाची मानतात. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. दुय्यम संघांतील मुले वर्षानुवर्षे तुटपुंज्या वेतनावर राबली. त्यांचा पहिला सामूहिक करार झाला तो २०२३ मध्ये. आणि एवढे करूनही अंदाज चुकतातच. १९८० साली पहिल्याच फेरीत निवडलेले, देहयष्टीने देखणे बिली बीन खेळाडू म्हणून फिके पडले; १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत जवळजवळ उपकार म्हणून घेतलेले माइक पियाझा २०१६ मध्ये त्या खेळाच्या मानवंदना दालनात पोचले. पण पियाझांना स्वतःला सिद्ध करायला काही हंगाम मिळाले. एक दुपार नव्हे.

आपल्याकडे हंगाम मिळतो तेव्हा काय होते याचे उदाहरण दूर नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई यांना २०१८ च्या प्रो कबड्डी लिलावात ३६.४० लाख रुपये मिळाले. एक हंगाम लोकांनी त्यांच्या चढाया पाहिल्या आणि २०१९ मध्ये बोली गेली १ कोटी ४५ लाखांवर. माणूस तोच, बाजाराजवळची माहिती वाढली आणि भाव चौपट झाला. त्याच २०१८ च्या लिलावात सहा खेळाडू एक कोटीच्या घरात गेले. त्यांत निव्वळ पकडीचा खेळाडू एकच, इराणचे फजल अत्राचली. चढाई सर्वांना दिसते, म्हणून तिला भाव. कोपऱ्यातला गडी तेथेही दुर्लक्षित.

या विवेचनात निवड करणाऱ्यांवर दोष लादणे मला अप्रस्तुत वाटते. एका दिवसात शंभरावर मुले पाहायची, बहुधा पदरमोड करून, आणि संध्याकाळी यादी लावायची. अनुभवी डोळ्याला पुष्कळ कळते हेही मी मान्य करतो. मुलगा फसल्यावर कसा उभा राहतो हे आकडे सांगत नाहीत. पण डोळ्यालाही वेळ लागतो. २०२२ पासून युवा कबड्डी मालिका सुरू झाली आहे आणि तिच्या महाराष्ट्रातील २०२४ च्या स्पर्धेत परभणीच्या नावाचाही संघ होता. दिशा योग्य आहे. मात्र त्या संघापर्यंत पोचण्याचा दरवाजा पुन्हा एका दुपारच्या चाचणीचाच राहिला, तर फायदा त्यांनाच, जे आधीच मॅटवर खेळतात.

कोणी म्हणेल, खेळच तो, त्याचे एवढे काय? झरीच्या मुलासाठी तो निव्वळ खेळ नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी राज्य वा राष्ट्रीय स्पर्धेतील प्राविण्याचे प्रमाणपत्र लागते. संघात निवडच झाली नाही तर स्पर्धा नाही, आणि स्पर्धा नाही तर प्रमाणपत्र नाही. चार एकरांच्या कोरडवाहू घरात या कागदाचे मोल सोयाबीनच्या दोन-तीन पिकांएवढे तरी धरले जाते. त्याच्या वडिलांनी त्याला आणखी एक हंगाम दिला आहे. त्यानंतर पुण्याला एका नातलगाच्या ओळखीने गोदामात काम ठरलेले आहे.

आमच्या हाती होते तेवढे आम्ही सुरू केले. वर्गातील चार मुले आळीपाळीने झरी आणि आसपासच्या सामन्यांना वही घेऊन बसतात. नेहमीच्या गुणपत्रकाला आम्ही दोन रकाने जोडले आहेत: चढाई कोणत्या कोपऱ्याकडे वळली, आणि कोणत्या कोपऱ्यास पाहून परतली. मुलगा आठवड्यातून दोनदा पहाटेच्या गाडीने परभणीला येतो आणि कॉलेजपूर्वी मॅटवर उतरतो. बूट आता त्याचे स्वतःचे आहेत. वहीची पहिली काही पाने भरली आहेत, पण मी त्यांवरून अजून काही बोलत नाही. पहिल्याच सामन्याला दोघे जण बसले होते आणि दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत. एकाच चढाईपुढे एकाने लिहिले होते “टाळले” आणि दुसऱ्याने “आलाच नाही”. यांत फरक काय, यावरून त्या दोघांचा वाद अद्याप मिटलेला नाही.