रात्री दोन वाजता उधारीची वही उघडू नका

मागच्या व्हिडिओत दुकानाच्या खेळत्या भांडवलावर बोललो. आज शरीराच्या खेळत्या भांडवलावर बोलू.

पातूरला माझं कृषी केंद्र आहे. जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर जातं आणि "भाऊ, सोयाबीन निघू द्या, मंग देतो" हे ऐकता ऐकता दिवाळी येते. आपलं बिल मात्र तारखेलाच भरावं लागतं. दुकानाच्या दुसऱ्या वर्षी मी रोज रात्री दोनला उठून वही चाळायचो. काही महिन्यांनी उपाशीपोटी शुगर वाढलेली निघाली. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "झोपता किती?"

तेव्हा कॉर्टिसॉल हा शब्द नीट समजून घेतला.

किडनीच्या वर दोन छोट्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. त्यांच्या बाहेरच्या थरात हे हार्मोन बनतं. ऑर्डर मेंदूतून सुटते. हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतो, पिट्युटरी अ‍ॅड्रिनलला. रक्तात माल पुरेसा झाला की कॉर्टिसॉलच वर निरोप देतं, "आता बास."

लोक त्याला नुसतं वाईट म्हणतात, ते चूक आहे. पहाटे ते वाढतं, म्हणून आपण ताजे उठतो. मध्यरात्रीच्या सुमारास ते सगळ्यात कमी असतं. ते ब्लडप्रेशर टिकवतं, सूज आवरतं, उपाशी असताना रक्तातली साखर पडू देत नाही. ते फारच कमी झालं तर अ‍ॅडिसन्स नावाचा आजार होतो, त्यात जीवावरही बेतू शकतं.

मग बिघडतं कुठे?

कॉर्टिसॉल म्हणजे बँकेची सीसी लिमिट समजा. अडचणीत ते स्नायूंतलं प्रोटीन मोडून, लिव्हरकडून साखर बनवून घेतं. म्हणजे एफडी मोडून गल्ल्यात रोकड आणणं! एखाद्या दिवशी हे बरोबरच आहे. पण लिमिट वर्षभर वापरतच राहिलो तर धंद्याचं काय होतं, तुम्हाला माहीत आहे. शरीरातही तसंच. झोप उडते, ब्लडप्रेशर आणि साखर चढते, पोटावर चरबी साठते, विसरभोळेपणा येतो.

माझी शुगर एकट्या कॉर्टिसॉलमुळे वाढली असं मी म्हणणार नाही. अवेळी जेवण होतं, घराण्यात शुगरही आहे. पण जागरणाने त्यात भर घातली.

आता मी तीन नियम पाळतो.

१. वही रात्री आठला बंद. रात्री सुचलेला आकडा कागदावर लिहायचा, निर्णय सकाळी चहानंतर. मी सगळ्यात महागडं कर्ज रात्री दीडला मोबाईलवर घेतलं होतं!

२. संध्याकाळनंतर चहा नाही, आणि रोज अर्धा तास पायी.

३. उधारीची हद्द जूनच्या आधीच ठरवायची. ताणाचं मूळ तिथे आहे, गोळीत नाही. "कॉर्टिसॉल कमी करणारी" पावडर घेऊ नका आणि विकूही नका. डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं असेल तर मनाने एकदम बंद करू नका. त्या काळात आपल्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात.

आणि एक गोष्ट. आपल्या वऱ्हाडात ताण गिळायची सवय आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघरी बोलतं केलं, तेव्हा उदासीनतेसाठी मदत घेणारे कितीतरी वाढले. तुम्हालाही जड वाटत असेल तर घरी सांगा, नाहीतर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन करा. पैसे लागत नाहीत.

दुकान बुडालं तर परत उभं करता येतं, मित्रांनो. फक्त उभं करणारा माणूस शिल्लक पाहिजे.