बर्फ, अल्कोहोल आणि नऊ सेकंद

मिशिगनमध्ये मिलान नावाचं गाव आहे. तिथं ड्रॅग रेसिंगची पट्टी आहे, सरळसोट, पाव मैलाची, म्हणजे 402 मीटरची. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, पिवळे दिवे लागतात, हिरवा लागला की सुटतात. वळण नाही, डावपेच नाहीत, नऊ-दहा सेकंदांत खेळ खलास. कोल्हापूरहून आलेल्या पाहुण्यांना हौसेनं दाखवायला न्यावं, तर ते म्हणतात, "एवढंच?" एवढंच. पण या एवढ्यासाठी हिवाळाभर इंजिन खोलून पडलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर मला धावेपेक्षा ते बांधण्यातच जास्त गोडी आहे.

माझं लहानपण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, बाबांच्या बोअरिंगच्या शेडमध्ये गेलं. त्यामुळे इथं मित्रांबरोबर इंजिन निवडायची वेळ आली तेव्हा मन ओतीव लोखंडाकडेच गेलं. टोयोटाचं टूजेझेड-जीटीई. 1991 मध्ये ते ॲरिस्टो मोटारीत आलं, मग सुप्रामध्ये. सहा सिलिंडर एका ओळीत, 2997 सीसी, बोअर 86 मिलिमीटर आणि स्ट्रोकही 86. क्रँकला सात मेन बेअरिंगं. आजच्या हलक्या ॲल्युमिनियमच्या ब्लॉकांपुढे हा ब्लॉक बोजड आहे, पण मार खातो. अमेरिकेतल्या सुप्रात हे इंजिन 320 हॉर्सपॉवर द्यायचं. आम्हाला त्यातून हजार हवे होते. ब्लॉक तोच, आतलं जवळजवळ सगळं नवं.

सिलिंडर होन करताना, म्हणजे आतून घासून नेमक्या मापाला आणताना, ब्लॉकवर एक जाड पोलादी प्लेट आवळतात, हेड जेवढ्या जोरानं आवळतात तेवढ्याच जोरानं. बोल्ट ताणले गेले की ब्लॉक किंचित ओढला जातो आणि सिलिंडरचा गोलवा बिघडतो. प्लेट न लावता होन केलेला सिलिंडर टेबलावर गोल भरेल. हेड बसलं की भरणार नाही. बाबांनी पंपाच्या इंजिनांना असली प्लेट कधी लावली नाही आणि त्या इंजिनांना तिची गरजही नव्हती. हजार हॉर्सपॉवरला मात्र मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा हिशेबात धरावा लागतो.

मग रिंगा. रिंग मोकळ्या सिलिंडरमध्ये सरळ बसवायची, तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं मोजायची, काढायची, टोक कानशीवर बाहेरून आतल्या बाजूला घासायचं, पुन्हा बसवायची, पुन्हा मोजायची. सहा सिलिंडर, प्रत्येकात दोन कॉम्प्रेशन रिंगा. नव्या पोराला वाटतं, फट जितकी कमी तितकं बरं, कॉम्प्रेशन टिकेल. टर्बोच्या इंजिनात हे उलटं आहे. रिंग तापून लांबते, टोकं एकमेकांना भिडली की तिला जायला जागा उरत नाही आणि पिस्टनचा काठ तुकड्यानं निघून येतो. आम्ही वरच्या रिंगेला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट ठेवतो. पिस्टन घडीव, म्हणजे फोर्ज्ड, आणि तेही तापून जास्त फुगणाऱ्या मिश्रधातूचे, म्हणून सिलिंडरमध्ये थोडे सैलच. थंडीत इंजिन चालू केलं की ते खडखड वाजतात. शेजाऱ्याला वाटतं काहीतरी मोडलं.

इथपर्यंतचं काम कोणताही चांगला मशिनिस्ट करील. हे इंजिन टिकणार की फुटणार हे मात्र उष्णतेवर ठरतं.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरणारं चाक आणि त्याच दांड्यावर बसवलेलं, हवा दाबून इंजिनात कोंबणारं दुसरं चाक. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट 1905 मध्ये घेतलं. हवा जास्त, म्हणजे इंधन जास्त जाळता येतं, म्हणजे ताकद जास्त. अडचण एवढीच, की दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक हाताला लागतं, तेच. हिशेब करून बघा. बाहेरची हवा 30 अंश सेल्सियस, बूस्ट 2 बार, म्हणजे एकूण दाब वातावरणाच्या तिप्पट, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 75 टक्के. टर्बोतून निघणारी हवा जवळपास 180 अंशांची असते. तापलेली हवा विरळ होते. म्हणून दाब तिप्पट झाला तरी सिलिंडरमध्ये हवा दुपटीइतकीच शिरते. तीच हवा 50 अंशांवर आणली तर 2.8 पट शिरते. वर पुन्हा गरम हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायची वाट न पाहता आपोआप पेटू लागतं. हेच नॉकिंग. रस्त्यावरच्या गाडीत चढावर टकटक आवाज येतो आणि आपण गिअर बदलतो. 2 बार बूस्टवर तेवढा वेळ मिळत नाही, पिस्टनला भोक पडतं.

म्हणून इंटरकूलर. रस्त्यावरच्या टर्बो गाडीत तो बंपरमागे असतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर हवा थंड करतो. ड्रॅगच्या गाडीचं दुखणं असं, की ती धावण्याआधी रांगेत तापत उभी असते. वारा मिळायला लागेपर्यंत धाव संपत आलेली असते. त्यामुळे आम्ही पाण्याचा इंटरकूलर वापरतो. डिकीत पाण्याची टाकी, एक पंप, आणि धावेच्या थोडं आधी टाकीत बर्फ. बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "इंजिनाला बर्फ? लग्न हाय व्हय रं गाडीचं?"

पण गणित बर्फाच्याच बाजूचं आहे. हजार हॉर्सपॉवरचं इंजिन मिनिटाला साधारण 45 किलो हवा ओढतं. तिचं तापमान सव्वाशे-दीडशे अंशांनी उतरवायचं, तर दहा सेकंदांत जी उष्णता काढावी लागते तिच्यात तीनेक किलो बर्फ वितळतो. म्हणजे गल्लीतल्या किराणा दुकानातली बर्फाची एक पिशवी. रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीत ही युक्ती निरुपयोगी आहे, बर्फ वितळला की संपलं. ड्रॅगमध्ये बर्फ वितळेपर्यंत शर्यतच संपते.

हवा थंड करण्याचा दुसरा रस्ता इंधनातून जातो, आणि इथं माझं मत ठाम आहे. टर्बो ड्रॅग इंजिनात इंधन जेवढं जाळायला असतं तेवढंच गारव्यालाही असतं. द्रवाचं बाष्प होताना ते भोवतालची उष्णता शोषतं. पेट्रोलच्या एका किलोला त्यासाठी साधारण 350 किलोज्यूल लागतात, इथेनॉलला साडेआठशेच्या आसपास, मिथेनॉलला अकराशे. शिवाय अल्कोहोल जास्त ओतावं लागतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9, मिथेनॉलला सुमारे साडेसहा. दोन्ही मिळून बघितलं तर तेवढ्याच हवेमागे मिथेनॉल पेट्रोलच्या सातपट गारवा देतं. त्यामुळे मिथेनॉलवर धावणाऱ्या कित्येक गाड्यांत इंटरकूलर नसतोच. (टीव्हीवर दिसणाऱ्या, कानठळ्या बसवणाऱ्या लांबलचक गाड्या टॉप फ्युएलच्या. त्या 90 टक्के नायट्रोमिथेन जाळतात, त्यांना टर्बो नसून सुपरचार्जर असतो आणि 2008 पासून त्या हजार फुटांचीच धाव घेतात. ते प्रकरण वेगळं.)

ही अक्कल नवी नाही. मिशिगनच्याच लान्सिंगच्या ओल्ड्समोबिल कंपनीनं 1962 मध्ये जेटफायर नावाची टर्बो मोटार काढली. तिच्यात पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. मिश्रणाचं नाव टर्बो रॉकेट फ्लुइड! तंत्र चोख होतं, पण गिऱ्हाईक टाकी भरायला विसरायचं. दोन वर्षांत गाडी बंद झाली आणि बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवले गेले.

आम्ही ई-85 वापरतो. इथेनॉल आणि पेट्रोल यांचं मिश्रण, इथं मक्यापासून बनतं, पंपावर मिळतं, नॉकिंगला दाद देत नाही. आपल्याकडे उसाच्या मळीतून निघतं तेच हे इथेनॉल. नाव 85 असलं तरी अमेरिकेत नियमानं त्यात 51 ते 83 टक्के इथेनॉल असू शकतं, आणि हिवाळ्यात इंजिन सुरू व्हावं म्हणून ते कमीच ठेवतात. ट्यूनिंग 80 टक्क्यांचं आणि टाकीत 60 टक्क्यांचं, असं झालं तर इंजिनाची खैर नाही. म्हणून प्रत्येक कॅन तपासतो. खुणा असलेली काचेची नळी घ्यायची, खालच्या खुणेपर्यंत पाणी, वरच्या खुणेपर्यंत इंधन, बूच लावून जोरात हलवायची आणि ठेवून द्यायची. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं. मधली रेघ जिथं थांबेल तो आकडा वाचायचा. दोन मिनिटांचं काम.

मिथेनॉलकडे आम्ही अजून गेलेलो नाही, आणि त्याचं कारण पैसा नाही. ते ॲल्युमिनियम खातं, हवेतलं पाणी ओढतं, इंजिन ऑइलमध्ये उतरून त्याचा पांढरट गाळ करतं. दिवसाच्या उजेडात त्याची ज्योत दिसत नाही. 1981 च्या इंडियानापोलिस शर्यतीत पिटमध्ये रिक मियर्स पेटले होते, आणि कशानं ते भोवतालच्यांना दिसत नव्हतं. तरी त्याच शर्यतीनं 1964 मधल्या पेट्रोलच्या भीषण आगीनंतर मिथेनॉल पत्करलं होतं, कारण त्याची आग साध्या पाण्यानं विझते. आणि मराठी माणसाला मिथेनॉलची ओळख वेगळी करून द्यायला नको. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती याच द्रवानं. गॅरेजमध्ये त्याचा कॅन ठेवायचा तर कुलपात, ठळक चिठ्ठी लावून, आणि हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही.

तेव्हा नव्यानं इंजिन बांधणाऱ्याला माझं सांगणं एवढंच: ई-85, पाण्याचा इंटरकूलर, बर्फ, आणि बूस्ट हळूहळू वाढवत न्यायचा. हजार हॉर्सपॉवरला एवढं पुरतं. नऊ सेकंदांच्या आसपास पाव मैल होतो आणि शेवटच्या रेघेवर काटा ताशी 240 किलोमीटरच्या घरात असतो.

तुमच्या रोजच्या टर्बो गाडीचा विषय निराळा. "बूस्ट वाढवून देतो, लॅपटॉप लावला की झालं" असं कुणी म्हणालं, तर त्याला दोन प्रश्न विचारा. हे ट्यूनिंग कोणत्या इंधनावर केलंय, आणि मे महिन्यातल्या दुपारी इंजिनात शिरणारी हवा किती अंशांची असेल? उत्तर आकड्यात आलं नाही, तर गाडी जशी आहे तशी घरी घेऊन जा.